धुळे ते जळगाव: वाऱ्यात विमानाचं नाक कुठे धरायचं?

विमान ज्या हवेत उडतं, ती हवाच सरकत असते. त्यामुळे विमानाचा हवेतला वेग आणि वाऱ्याचा वेग या दोन सदिशांची बेरीज नकाशावरच्या रेषेवर पडेल, अशी नाकाची दिशा शोधायची. तेच हेडिंग.

जळगाव धुळ्याच्या जवळपास सरळ पूर्वेला आहे. मार्ग ०९०° (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला), अंतर ५० नॉटिकल मैल, ट्रू एअरस्पीड (हवेतला खरा वेग) १०० नॉट, म्हणजे ताशी १०० नॉटिकल मैल, आणि पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा २३०° कडून २० नॉट, असं धरू.

वाऱ्याच्या दिशेतून मार्ग वजा करा: २३० − ९० = १४०°.
आडवा वारा: २० × साइन १४०° = १२.९ नॉट. उत्तर धन, म्हणून वारा उजवीकडून.
रेषेतला वारा: २० × कोसाइन १४०° = −१५.३ नॉट. ऋण म्हणजे पाठीचा.

आता १२.९ ÷ १०० चा व्यस्त साइन घ्या: ७.४°. इथे टॅन लावू नका, कारण आडवा वारा ही बाजू असली तरी १०० नॉट हा त्रिकोणाचा कर्ण आहे. वारा उजवीकडून, म्हणून नाक उजवीकडे: हेडिंग ०९७°. ग्राउंडस्पीड, म्हणजे जमिनीच्या सापेक्ष वेग, १०० × कोसाइन ७.४° + १५.३ = ११४.५ नॉट, म्हणजे २६ मिनिटं.

परतताना हेडिंग २६३°, ग्राउंडस्पीड ८४ नॉट, वेळ ३६ मिनिटं. जाऊन-येऊन ६२, वारा नसता तर ६०. जाताना मिळालेल्या फायद्याने येतानाचा तोटा पुरता भरून निघत नाही, हे इंधन मोजताना लक्षात ठेवाच.

सगळ्यात महागात पडणारी चूक एकच: हवामान अहवालातली दिशा वारा जिकडून येतो ती असते. ती उलट धरली की हेडिंग ०८३° निघतं आणि २६ मिनिटांत विमान ११ मैल उत्तरेला, तापीच्या अंगाला जातं. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर नाही ना, तेही बघा. शिवाय विमानातल्या वेगमापकाच्या काट्यावरचा वेग थेट वापरू नका. दर हजार फुटांना ट्रू एअरस्पीड साधारण २ टक्क्यांनी वाढतो: साडेचार हजार फुटांवर काटा ९२ दाखवत असला तर खरा वेग १०० च्या आसपास. मे महिन्यातल्या खानदेशी उन्हात आणखी थोडा जास्त.

उड्डाणात पडताळा घ्या. साधारण १० मिनिटांनी वाटेतलं पारोळा उजव्या हाताला यायला हवं. तिथवर २० मैल झाले आणि तुम्ही रेषेच्या १ मैल उत्तरेला असाल, तर ६० मैलांत १ मैल सरकणं म्हणजे साधारण १°, या हिशेबाने चूक ६० ÷ २०, म्हणजे सुमारे ३°. उजवीकडे ३° वळलात तर रेषेला समांतर जाल; तेवढ्याच अंतरात रेषेवर परतायचं असेल तर ६° वळा, आणि रेषा गाठली की ३° परत घ्या.