गिअर पडत नाही तेव्हा आधी मोटरचा आवाज ऐकावा

रोडबाइकचे इलेक्ट्रॉनिक गिअर नीट पडेनासे झाले की बहुतेक जण मोबाइलवरचे अ‍ॅप उघडतात किंवा डिरेल्युअरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्राचे) स्क्रू पिळू लागतात. त्याआधी कोणाला तरी सायकल मागून उचलून धरायला सांगावे, हाताने पेडल फिरवत शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलण्याची कळ) दाबावा आणि मागच्या डिरेल्युअरमधल्या मोटरचा बारीक ‘झर्र’ असा आवाज येतो का, ते ऐकावे. आवाज येत नसेल तर दोष विजेत किंवा संदेशात आहे. आवाज येऊनही चेन जागची हलत नसेल किंवा खडखडत असेल, तर दोष बहुधा धातूच्या भागांत आहे.

आवाज येत नसल्यास पहिला संशय बॅटरीचा. स्रॅम कंपनीच्या वायरलेस गिअर संचात पुढच्या आणि मागच्या डिरेल्युअरची बॅटरी एकसारखीच असते, म्हणून दोन्हींची अदलाबदल केली की दोष बॅटरीत आहे की डिरेल्युअरमध्ये, हे मिनिटभरात समजते. चढावर मागची बॅटरी संपली तर पुढची काढून मागे लावावी. घाटात मागचे गिअर हवेतच, पुढच्यांवाचून चालते. शिमानो कंपनीच्या डीआय२ या इलेक्ट्रॉनिक गिअर संचात मुख्य बॅटरी सहसा सीटपोस्टमध्ये (सीटखालच्या दांड्यात) असते आणि चार्ज संपत आला की आधी पुढचा डिरेल्युअर बंद पडतो, मग मागचा. त्यामुळे पुढचा अचानक गप्प झाला, तर तो बिघडला असे न मानता आधी चार्जिंग करावे.

बॅटरी भरलेली असूनही गिअर एकाच दिशेने पडत असतील, तर शिफ्टरमधला बटन सेल पाहावा. स्रॅममध्ये उजवा शिफ्टर गिअर जड करतो, डावा हलका करतो आणि दोन्ही एकदम दाबले की पुढची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) बदलते. म्हणून डावा सेल संपला की गिअर जड होत जातो, परत हलका होतच नाही. एका जुलैमध्ये रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढावर माझे नेमके असेच झाले. घरी येऊन झाकण उघडले तर सेल नवाच होता, पण त्याच्या आणि पत्र्याच्या पट्टीच्या मध्ये मिठासारखी पांढरी पूड धरली होती, कारण झाकणाखालचे रबरी वळे मीच नीट बसवले नव्हते. कोरड्या सुती कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी पुसली, वळे खाचेत बसवले आणि गिअर पुन्हा सुरू झाले. स्रॅमच्या शिफ्टरना सीआर२०३२ सेल लागतो, तर २०२१पासूनच्या १२ गिअरच्या डीआय२ वायरलेस शिफ्टरना सीआर१६३२. हा दुसरा सेल घड्याळाच्या दुकानात मिळेलच असे नाही, म्हणून जोडी जवळ ठेवावी. मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप दिलेले सेल मात्र टाळावेत, कारण त्या लेपामुळे कधी कधी संपर्क नीट होत नाही.

वायर असलेल्या डीआय२मध्ये प्लग अर्धवट बसलेला असणे, हा नेहमीचा दोष आहे. प्लग त्याच्यासाठीच्या छोट्या हत्याराने, ‘टक्’ असे जाणवेपर्यंत दाबावा. वायर बोटांनी ओढून पाहू नये.

आता आवाज येतो, पण चेन हलत नाही, ही स्थिती. सायकल उजव्या बाजूला पडली असेल, तर डीआय२चा मागचा डिरेल्युअर स्वतःला वाचवण्यासाठी मोटरपासून सुटा झालेला असू शकतो. जंक्शनवरचे, म्हणजे वायरी जिथे जोडतात त्या छोट्या पेटीवरचे (१२ गिअरच्या संचात मागच्या डिरेल्युअरवरचे) बटन लाल दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावे, मग पेडल फिरवत सर्व गिअर टाकून पाहावेत. याच बटनाने शिफ्टची पद्धतही बदलते. चुकून दोनदा दाबले गेले आणि पुढचा डिरेल्युअर आपोआप हलू लागला, तर तो बिघाड नव्हे.

चेन खडखडते, एखाद-दोन गिअरवरच उड्या मारते, तर मागून हँगर पाहावा. डिरेल्युअर ज्यावर टांगलेला असतो तो हा अ‍ॅल्युमिनियमचा लहानसा तुकडा मुद्दामच मऊ केलेला असतो, म्हणजे धक्का बसल्यास तोच वाकतो आणि फ्रेम वाचते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत सायकल कठड्याला टेकवून ठेवली आणि शेजारच्या मोटारसायकलीचा हँडल लागला, एवढ्यानेही तो वाकू शकतो. मागून पाहताना डिरेल्युअरच्या पिंजऱ्याची दोन्ही छोटी चाके कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या) उभ्या रेषेत दिसत नसतील, तर हँगर सरळ करून घ्यावा किंवा बदलावा. वाकलेल्या हँगरवर डिरेल्युअरची सूक्ष्म जुळवणी करत बसणे व्यर्थ आहे. एक गिअर सुधारला की दुसरा बिघडतो. हँगर सरळ असेल, तरच चेन कॅसेटच्या मधल्या चकतीवर ठेवून डिरेल्युअर एकेक पाऊल सरकवत, खरखर थांबेपर्यंत जुळवणी करावी.

किनाऱ्यावर फिरून आल्यावर गोड्या पाण्याने, पण बिनदाबाच्या, सायकल धुवावी. प्रेशर पंपाचा फवारा डिरेल्युअरवर मारू नये. चार्जिंगचे झाकण बंद आहे ना, हे धुण्याआधी बोटाने चाचपून घ्यावे. एसटीच्या टपावर किंवा गाडीत सायकल न्यायची असल्यास स्रॅमच्या बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, नाहीतर हादऱ्यांनी यंत्रणा जागी राहते आणि उतरेपर्यंत चार्ज कमी होतो. बॅटरी काढल्याने शिफ्टरची जोडणी पुसली जात नाही. डीआय२ बांधताना शिफ्टरची बटने दोरीखाली किंवा सामानाखाली दाबली जाणार नाहीत, एवढे पाहावे.