पेलेट स्टोव्ह घेताना तारे मोजा

इटलीच्या उत्तर भागात घर गरम ठेवायला लाकडी पेलेटचा (भुसा दाबून केलेल्या छोट्या गोळ्यांचा) स्टोव्ह घेणार असाल, तर दुकानातल्या हिरव्या ‘ए++’ लेबलवर थांबू नका. ते लेबल कार्यक्षमतेचं आहे. धुरातल्या कणांबद्दल त्यात काहीच नसतं. विचारायचं ते पर्यावरण प्रमाणपत्र. 2017 च्या सरकारी आदेशानुसार तिथे 1 ते 5 तारे दिले जातात. पेलेट स्टोव्हला 4 ताऱ्यांसाठी घनमीटर धुरामागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम कण चालतात, 5 साठी 15. पो नदीच्या खोऱ्यात हवा कोंडते, म्हणून मिलान किंवा तुरिनकडे नवा स्टोव्ह किमान 4 ताऱ्यांचाच लागतो. प्रमाणपत्रावरचा मॉडेल क्रमांक यंत्रामागच्या पट्टीशी जुळवून बघा. हे मात्र अजिबात टाळू नका, कारण एकाच मालिकेतल्या दोन मॉडेल्सचे तारे वेगळे असू शकतात. जुना, वापरलेला स्टोव्ह स्वस्तात मिळत असेल तर ही तपासणी आणखी गरजेची.

आणि पेलेट? पोत्यावर ‘ईएनप्लस ए1’ या दर्जाचा शिक्का आणि उत्पादकाचा ओळख क्रमांक, दोन्ही हवेत. ए1 म्हणजे राख 0.7 टक्क्यापेक्षा जास्त नाही, ओलावा 10 टक्क्यांच्या आत. हलक्या दर्जाच्या पेलेटवर पाच ताऱ्यांचा स्टोव्हही काजळी धरतो.