एकच बातमी चार ठिकाणी कशी वाचायची (सुरुवात कांद्यापासून)

बातमीच्या सगळ्या बाजू कळाव्यात म्हणून सगळे पेपर वाचा, सगळे चॅनल बघा असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, आठवड्यात कंटाळाल. त्यापेक्षा एकच बातमी धरा आणि ती पण अशी, की जिच्यातलं आपल्याला स्वतःला थोडंफार कळतं. आपण नाशिकवाले, म्हणजे कांदा.

ऑगस्ट 2023 काढा. 19 तारखेला केंद्राने कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं, लासलगावच्या मोठ्या बाजारासकट जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले, मग 22 ला केंद्राने आणखी 2 लाख टन कांदा 2410 रुपये क्विंटलने घेणार म्हणून सांगितलं. त्या दिवशी राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री धनंजय मुंडे दिल्लीत केंद्रीय मंत्री पीयूष गोयलांना भेटत होते आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीसांनी तिकडून जपानहूनच ट्विट टाकलं. आता एवढ्याच मालावर "ग्राहकांना दिलासा", "शेतकऱ्याच्या तोंडाला पाने पुसली" आणि "अमक्यांच्या पाठपुराव्याला यश" असे तीन मथळे निघू शकतात, आणि गंमत म्हणजे तिन्हींत आकडे खरेच असतील.

म्हणून मथळ्यावर भांडत बसू नका, आधी कोणाला बोलू दिलंय ते बघा. पहिल्या पॅरात मंत्री, मधे व्यापारी आणि शेतकरी शेवटी एका ओळीत, असं असेल तर बातमी कोणासाठी लिहिलीय ते कळतं. मग काय गाळलंय ते शोधा: 2410 चा भाव कुठल्या प्रतीच्या कांद्याला, खरेदी केंद्रं कुठे, पैसे कधी मिळणार. हे प्रश्न ज्याने विचारलेत तो पेपर कुठल्याही बाजूचा असो, त्या दिवशी तोच वाचा.

पेपर निवडताना मुद्दाम लांबलांबचे घ्या. सामना तर ठाकरेंच्या शिवसेनेचं उघड मुखपत्रच आहे, तरुण भारत संघविचाराचा, सकाळ पवार कुटुंबाचा, लोकमत दर्डांचा. हे माहीत असावं, पण मालक कळला म्हणजे बातमी कळली असं नाही हां. सोबत दिल्लीचा एखादा हिंदी किंवा इंग्रजी पेपर हवाच, कारण कांद्यात खरी फूट सत्ताधारी-विरोधक अशी कमी आणि खाणारे-पिकवणारे अशी जास्त असते, इथला लोकप्रतिनिधी कुठल्याही पक्षाचा असला तरी कांद्यावर तो आधी निफाड-चांदवडचा, म्हणजे कांदा पिकवणाऱ्या तालुक्यांचा असतो.

आणि बातमीच्या सुरुवातीला पीटीआय किंवा एएनआय (सगळ्यांना बातम्या पुरवणाऱ्या वृत्तसंस्था) लिहिलेलं दिसलं तर सावध, चार साइटवर तोच मजकूर असतो, म्हणजे तुम्ही चार नाही, एकच बातमी वाचलीत. शुल्काची मूळ अधिसूचना किंवा पीआयबीचं (केंद्र सरकारचं प्रसिद्धी खातं) प्रसिद्धीपत्रक मिळालं तर तेही उघडा, मराठीतही बऱ्याचदा असतं. ते सरकारचीच बाजू सांगणार, पण तारीख, टक्के, मुदत तिथून पक्की होते.

मोबाईलवर यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद करा, नाहीतर एक डिबेट बघितली की दहा तसल्याच येतात. सगळ्यात सोपं म्हणजे आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जा, 1840 पासूनचं आहे, पेपर टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. फक्त सकाळी लवकर जा, नंतर शब्दकोड्याचं पान काही हाती लागत नाही.