बटाटा न घालता सॅमनचे पॅटिस

फिश कटलेट म्हटलं की हात आधी उकडलेल्या बटाट्याकडे जातो. त्याने मिश्रण पटकन बांधलं जातं, पण मग चवही बटाट्याचीच लागते. सोया सॉस, आलं, तीळ अशा पूर्व आशियाई चवीच्या पॅटिसना त्याची गरज नाही. कच्च्या माशात मीठ घालून मळलं की त्यातली प्रथिनं चिकट होतात आणि मिश्रण धरून ठेवतात. थायलंडमधले तॉड मन प्ला, म्हणजे माशाचे तळलेले पॅटिस, याच पद्धतीने करतात.

८ पॅटिससाठी ५०० ग्रॅम सॅमन (कातडी व काटे काढून), अर्धा छोटा चमचा मीठ, २ छोटे चमचे लाइट सोया सॉस, १ छोटा चमचा भाजक्या तिळाचं तेल, १ छोटा चमचा किसलेलं आलं, लसणाच्या २ पाकळ्या, पातीचे ३ कांदे, १-२ हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एका लिंबाची किसलेली साल, १ अंड्याचा पांढरा भाग आणि ४० ग्रॅम पांको किंवा साधे ब्रेडक्रम्स. डार्क सोया सॉस नको, रंग काळपट येतो. आपल्याकडचं तिळाचं तेल बहुतेक कच्च्या तिळाचं असतं, त्याला तो खमंग वास नसतो. ते एकच हाताशी असेल तर २ छोटे चमचे तीळ भाजून, कुटून घाला.

फिलेवरून बोट उलटसुलट फिरवा. बारीक काटे टोचतील, ते चिमट्याने ज्या दिशेला कललेले असतील त्याच दिशेला ओढा. सरळ वर उपसले तर मांस फाटतं. मासा १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवला की कापायला सोपा जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. एक तृतीयांश मासा मीठ घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, चिकट लगदा व्हायला हवा. उरलेला सुरीने अर्ध्या सेंटीमीटरचे तुकडे करून चिरा. सगळाच वाटला तर पॅटिस रबरासारखे होतात, सगळाच चिरला तर तव्यावर सुटतात. लगद्यात अंड्याचा पांढरा भाग आणि सोया सॉस घालून दोन मिनिटं एकाच दिशेने जोरात घोटा, मग बाकीचं सगळं हलक्या हाताने मिसळा. भांडं गार असू द्या, मिश्रण कोमट झालं की पकड जाते.

लिंबाचा रस मिश्रणात घालू नका. आंबटपणाने मासा आधीच घट्ट होतो आणि पाणी सोडतो, रस चटणीसाठी ठेवा. आल्यातही मांस मऊ करणारं एन्झाइम असतं, म्हणून कालवलेलं मिश्रण रात्रभर ठेवायचं नाही.

ओल्या हाताने साधारण ७ सेंटीमीटर रुंद, २ सेंटीमीटर जाड पॅटिस थापा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. जाड बुडाच्या तव्यावर २ मोठे चमचे शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल मध्यम आचेवर तापवा. पहिली बाजू ३ ते ४ मिनिटं अजिबात हलवू नका. कड सोनेरी झाली की पॅटिस आपोआप सुटतं, त्याआधी उलथनं घातलं तर मोडणारच. दुसरी बाजू २ ते ३ मिनिटं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस पुरे. कडेने भरपूर पांढरा साका बाहेर आला, तर आच जास्त होती किंवा वेळ जास्त झाला.

चटणीला २ मोठे चमचे सोया सॉस, १ मोठा चमचा लिंबाचा रस, १ छोटा चमचा साखर आणि बारीक चिरलेली मिरची. सोबत गरम भात आणि काकडी.

परदेशात डबाबंद सॅमन सहज मिळतो आणि स्वस्तही पडतो, पण तो शिजलेला असल्यामुळे मळून चिकट होत नाही. तो नीट निथळून घ्या, अख्खं अंडं आणि ६० ग्रॅम ब्रेडक्रम्स घाला. डब्यातल्या माशात बहुधा मीठ असतंच, तेव्हा वरचं मीठ वगळा. त्यातले मऊ काटे कुस्करून खाता येतात. रावसाला बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण तो वेगळ्या कुळातला आणि कमी चरबीचा मासा आहे. तो वापरलात तर मिश्रणात १ मोठा चमचा तेल जास्तीचं घाला, नाहीतर पॅटिस कोरडे होतात.