बाळ दूध ओकतंय? बाटलीपाशी अंदाज नको

स्वयंपाकात मी अंदाजानं चालते. आमटीत पाणी किती, भाकरीच्या पिठाला किती, हाताला कळतं. नातवाच्या बाटलीपाशी मात्र हा हात बांधून ठेवावा लागतो. लेक बाळंतपणाला खानापूरला आलेली, बाळ पाजलं की ओकायचं, आणि डॉक्टरांनी घट्ट होणाऱ्या दुधाच्या पावडरचा डबा लिहून दिला. तुमच्याही घरी असंच असेल तर वाचा.

आधी एक. अन्ननलिकेच्या खालची झडप अजून कच्ची असते, म्हणून दूध वर येतं. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं आणि वर्षाच्या आत बहुतेक बाळांचं थांबतं. वजन वाढतंय, बाळ हसतंय, तर खांद्यावर दुपटं टाका आणि डब्याच्या मागे लागू नका. अंगावर पाजत असाल तर ते सोडू नका. आधी बाळ स्तन नीट पकडतंय का, ते नर्सकडून बघून घ्या.

बाटली असेल तर माप बघा. साधारण दिवसाला किलोमागे १५० मिली, म्हणजे चार किलोच्या बाळाला ६०० मिली. आठ वेळा पाजलंत तर एका वेळी ७५. पुष्कळदा पोट नुसतं जास्त भरलेलं असतं, आणि थोडं थोडं, जास्त वेळा पाजलं की ओकणं तिथंच कमी होतं.

तरी नाही जमलं तर घट्ट पावडर, तीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. कुठल्या डब्यात कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांचा डिंक असतो, तो बाटलीतच दाट होतो. कुठल्यात तांदळाचा नाहीतर मक्याचा स्टार्च, तो पोटात गेल्यावर दाट होतो. म्हणून एका डब्याची रीत दुसऱ्याला लागत नाही. पाणी उकळून घ्यायचंच. साध्या पावडरसाठी जागतिक आरोग्य संघटना ७० अंशांच्या खाली न गेलेलं पाणी सांगते, कारण पावडर निर्जंतुक नसते. काही घट्ट पावडरींच्या मात्र इतक्या गरम पाण्यात गाठी होतात. तिथं डब्यावरचा आकडा बघून घ्या, शंका असली तर डॉक्टरांना विचारा.

आधी पाणी, मग पावडर. चमचा डब्यातलाच, दाबून न भरता वरून सपाट केलेला. जास्त घट्ट व्हावं म्हणून अर्धा चमचा वाढवणं, नाचणी सत्व किंवा तांदळाची पेज घालणं, दोन्ही नको. निप्पलचं भोक सुईनं मोठं करू नका, दाट दुधासाठी वेगळी निप्पल मिळते. उरलेलं दूध तासाभरानं फेकून द्या, जीव कितीही तुटो. आमच्याकडे पावसात पावडरला ओल लागते. झाकण लगेच घट्ट लावा, फ्रिजमध्ये ठेवू नका.

डब्यावर इंग्रजी असतं. मी मापं मराठीत लिहून कपाटाला चिकटवली आणि बाळ सांभाळायला येणाऱ्या अक्कांसाठी खाली कन्नडमध्येही लिहून घेतली. घरात पाजणारे हात तीन, माप एकच पाहिजे.

पाजताना मधे मधे ढेकर काढा, मग अर्धा तास उभं धरा. झोळीत लगेच घालू नका, पोट दुमडतं. झोपवताना पाठीवर, सपाट, उशीशिवाय. मध आणि बाळघुटी नको, शेजारच्या काकूंना वाईट वाटलं तरी.

दोनेक आठवड्यांत फरक नसेल, अंगावर पुरळ किंवा शौचात आव-रक्त दिसलं, तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. त्याची पावडर वेगळी, कडसर आणि महाग. ती मनानं आणू नका.

आणि उलटी हिरवी असेल, रक्ताची असेल, पहिल्या दोन महिन्यांत पिचकारीसारखी लांब उडत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा वजन घटत असेल, तर सकाळची वाट बघू नका, गाडी काढा आणि मोठं हॉस्पिटल गाठा, आमच्यासाठी ते बेळगाव.