वीटभट्टीवरचा वेठबिगार ओळखायचा कसा आणि मग करायचं काय

कंपाउंडला विटा हव्या होत्या म्हणून वाडा तालुक्यात एका भट्टीवर गेलो होतो, शेठ यायला वेळ होता म्हणून तिथल्या एका कातकरी बाईशी बोलत बसलो. दिवाळी झाल्यावर नवरा आणि तीन पोरं घेऊन आलेली, कच्च्या विटा रचून केलेल्या भोंग्यात राहायची, आत जायचं तर वाकूनच. म्हटलं मावशी, हजार विटांमागे काय भाव मिळतो? "माहीत नाय, शेठच्या वहीत हाय." बयाणा, म्हणजे आगाऊ पैसे, किती घेतलेला? "आठ हजार, लग्नाला. तीन सीझन झाले, फिटत नाय."

मानवी तस्करी म्हटलं की आपल्याला लांबून पळवून आणलेली मुलगी आणि बंद खोली आठवते. ठाणे, पालघर, रायगडात कुलूप लागतच नाही, वहीवर भागतं, कर्ज फिटेपर्यंत माणूस बांधलेला, हाच वेठबिगार.

आता ओळखायचं कसं. थेट "तुम्ही वेठबिगार आहात का" विचारलंत तर "नाय, राजीखुशीने आलोय" हेच ऐकायला मिळणार, म्हणून इकडचं तिकडचं बोलत विचारा. बयाणा कधी आणि कशासाठी घेतला, हिशोब कोण लिहितं, कधी वाचून दाखवतात का, आठवड्याला खर्ची किती मिळते आणि तीही वहीत बाकी म्हणून चढते का, दुसऱ्या भट्टीवर जास्त भाव मिळाला तर जाता येईल का. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, गावाला मयत झालं तर सगळे जाता की एकाला मागे ठेवून जावं लागतं? माणूस तारण ठेवावा लागत असेल तर पुढचं काही विचारायची गरज नाही. मजुरी द्यायची पण किमान वेतनापेक्षा कमी, हेही चालत नाही, 1982 साली दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यालाही सक्तीची मजुरीच म्हटलंय.

ऊसतोडीत बयाण्याला उचल म्हणतात, बाकी प्रकार ओळखीचाच. पोरांच्या बाबतीत जास्त सावध राहा, 2022 मध्ये इगतपुरीकडची कातकरी पोरं थोडे पैसे आणि मेंढीच्या बदल्यात मेंढ्या राखायला दिल्याचं बाहेर आलं ते एक मुलगी दगावल्यावर.

खात्री पटली की शेठशी भांडायला जाऊ नका प्लीज, रात्रीत टेम्पो भरून सगळ्यांना दुसरीकडे हलवतात. फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको. गुपचूप लिहून घ्या, भट्टी नेमकी कुठे, माणसं किती, पोरं किती, मूळ पाडा कुठला, बयाणा किती, किती सीझन झाले. मारहाण चालू असेल तर 112, पोरं राबत असतील तर 1098.

बाकीच्यासाठी तहसीलदार किंवा प्रांताकडे लेखी अर्ज, एक कॉपी कलेक्टरला, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. अर्जात 1976 च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याचं नाव आणि "वेठबिगार" हा शब्द पाहिजेच. "मजुरी थकवली" एवढंच लिहिलंत की तो पैशाचा वाद होतो, मग साहेब दोघांना बोलावून तडजोड करतात, शेठ दोन-चार हजार टेकवतो आणि माणसं परत त्याच भट्टीवर. जबाब शेठ आणि त्याच्या माणसांपासून लांब घ्यायला सांगा. आणि कर्ज दाखवून राबवलंय असा आरोप असेल तर ते वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने शेठवर आहे, हे साहेबांनाही कधी कधी आठवण करून द्यावं लागतं. एकटे जाऊ नका, आमच्याकडे श्रमजीवी संघटना 80 च्या दशकापासून हेच करतेय, तुमच्या भागात जी संघटना असेल तिला सोबत घ्या.

मिळवायचा आहे तो मुक्तीचा दाखला, म्हणजे हा माणूस वेठबिगारीतून सुटला असा सरकारी कागद. त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. सुटका झाली की 30,000 रुपयांपर्यंत तातडीची मदत, आणि पुढे पुरुषाला 1 लाख, बायका-मुलांना 2 लाख, फारच भयंकर केस असेल तर 3 लाख अशी योजना आहे, पण मोठी रक्कम कोर्टाच्या निकालाशी बांधलेली असल्याने बऱ्याच जणांची गाडी पहिल्या हप्त्यावरच थांबते. म्हणून केसची तारीख कुणीतरी सांभाळायला हवी. आणि बयाणा? तो कायद्याने संपला, उरलेले पैसे मागून घेणाऱ्या शेठलाच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मजुरांना दहादा सांगा, कारण पटत नाही, "घेतलेत तर फेडायलाच पायजे" असंच वाटत राहतं. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हाच मुकादम पुढचा बयाणा घेऊन दारात येतो, त्याच्या आधी रेशनकार्ड आणि रोजगार हमीचं जॉबकार्ड हातात पडेल असं बघा.

आमची चूकही सांगतो. भट्टीच्या वहीत नवरा-बायको म्हणजे एक "जोडी", नाव फक्त नवऱ्याचं, आम्हीही अर्जात तेच उतरवलं. दाखला आला तो एकट्या नवऱ्याचा. विटांचा गारा तुडवून तिचे पाय फुटलेले आणि कागदावर ती कुठेच नाही. दुसरा अर्ज केला, अजून चार चकरा झाल्या, तेव्हा कुठे तिच्या नावाचा आला.