वरच्या खोलीत नेट हवंय? आधी वायर ओढून घ्या

आमचं सांगलीचं घर दोन मजली. फायबरचा डबा खाली टीव्हीच्या कपाटामागे आणि मी दिवसभर कामाला बसते ती खोली वर, जिन्याच्या टोकाला. प्लॅन 200 एमबीपीएसचा, वर मिळायचे जेमतेम 12. कंपनीला चार वेळा फोन केला. दर वेळी माणूस यायचा, डब्यापाशी उभा राहून मोबाइलवर स्पीड दाखवायचा आणि निघून जायचा. त्याचंही खरं होतं, कारण डब्यापाशी स्पीड होताच.

म्हणून पहिलं काम हे करा: लॅपटॉप वायरने थेट डब्याला जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. पूर्ण स्पीड आला तर दुखणं घरातलं, वायफायचं. नाही आला तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, किती आहे ते पाहा. उणे 15 ते उणे 25 डीबीएम (या ताकदीचं माप) असेल तर लाइन ठीक. उणे 27 च्या खाली (उणे 28, उणे 30 अशी) गेली की लाइनमनला बोलवायलाच हवं. बऱ्याचदा वायर कुठेतरी दुमडलेली असते किंवा जोडाचं टोक मळलेलं असतं. ते टोक स्वतः उघडू नका आणि त्यात डोळा घालून तर अजिबात बघू नका. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

रेंज वाढवणारा छोटा एक्स्टेंडर मी आधी घेतला होता. नावाला रेंज फुल, स्पीड मात्र निम्म्याहून कमी, कारण तो हवेतूनच घेतो आणि हवेतूनच पुढे देतो. स्लॅब आणि जाड भिंत मध्ये असेल तर वायरला पर्याय नाही, हे माझं ठाम मत आहे.

वायर कॅट 6 (नेटच्या वायरीचा एक प्रकार) घ्या, शुद्ध तांब्याची. दुकानात एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे, ती परत करा. विजेच्या वायरींच्या पाइपातून ती नेऊ नका. आम्ही जिन्याच्या कडेने वेगळी पट्टी मारून नेली.

एवढं करूनही वर स्पीड 94 च्या पुढे जाईना. दिवसातून कधीही बघा, 94. शेवटी वायरच्या टोकाचा प्लग निरखून पाहिला. आत आठांपैकी चारच तारा बसवलेल्या, बाकीच्या चार मुळाशी कापून टाकलेल्या! चार तारांवर 100 एमबीपीएसच चालतं; गिगाबिटला (1000 एमबीपीएस) आठही लागतात. दोन्ही टोकांना नवे प्लग बसवून घेतले. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. त्यानंतर वर 200 आले. तुमच्याकडेही आकडा 94-95 वर अडकला असेल तर आधी प्लग तपासा. काही डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिटचा असतो, तेही बघून घ्या.

आता राउटर. कंपनीचा डबा काढता येत नाही, फायबर त्यातच येते. पण तो ब्रिज मोडवर टाकून मागता येतो, म्हणजे डबा नुसतं नेट पुढे देतो आणि बाकीचं काम आपला राउटर करतो. मग पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला लॉगिन करायची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि लागत असेल तर व्हीलॅन नंबर (लाइनवर आपलं नेट वेगळं ओळखायचा आकडा) त्यांच्याकडून घ्या आणि आपल्या राउटरमध्ये भरा. लँडलाइन त्याच डब्यावर असेल तर ती चालू राहील ना, हे आधी विचारा. कंपनी ब्रिज मोड देत नसेल तर आपला राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर लावा (त्यात तो वायरने आलेलं नेट फक्त वायफायवर देतो), तेवढ्यानेही काम भागतं.

मी खाली एक आणि वर एक असे दोन राउटर लावले. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच, म्हणजे जिना चढताना मोबाइलमध्ये काही बदलावं लागत नाही. चॅनल (वायफायची हवेतली पट्टी) मात्र वेगळे: 2.4 गिगाहर्ट्झवर खाली 1, वर 11, रुंदी 20 मेगाहर्ट्झ. डब्याचं स्वतःचं वायफाय बंद केलं, नाहीतर तेही मध्ये कालवा करतं.

वीज गेल्यावर नेट टिकवायचं असेल तर डबा आणि राउटर दोन्हींना छोटा यूपीएस लागतो. घेण्याआधी दोन्ही अॅडाप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. आमचे दोन्ही 12 व्होल्टचे निघाले, त्यामुळे एकाच यूपीएसवर भागलं. वरच्या राउटरला वेगळा घ्यावा लागला.